प्रोजेक्टर नेमका कुठे अडतो?

घरचा प्रोजेक्टर सुरू होईनासा झाला की पहिला संशय लॅम्पवर जातो. शेजारचे जाणकार तेच सांगतात, दुकानदार तर सांगतोच. बरेचदा ते खरंही निघतं. पण ज्या प्रोजेक्टरवर स्टँडबायचा बारीकसा दिवाही लागत नाही, त्याच्या दुखण्याशी लॅम्पचा सहसा काही संबंध नसतो. तरीही अशा यंत्रासाठी नवा लॅम्प मागवून, तो बसवून, पुन्हा अंधारातच बसायची पाळी येते. लॅम्प पेटणं ही सुरू होण्याच्या क्रमातली जवळजवळ शेवटची पायरी आहे. आधीची एखादी पायरी चुकली तर लॅम्प कितीही नवा असो, त्याची पाळीच येत नाही.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवा, खोलीतला पंखा बंद करा, प्रोजेक्टरजवळ उभं राहा आणि बटण दाबून ऐका. धडधाकट यंत्रात आधी स्टँडबायचा दिवा लागलेला असतो. बटण दाबलं की त्याचा रंग बदलतो किंवा तो लुकलुकायला लागतो, आतून बऱ्याचदा रिलेचा ‘टक’ असा आवाज येतो, मग पंखे फिरतात. डीएलपी जातीचा असेल तर पाठोपाठ रंगचक्राचा चढत जाणारा ‘सूंऽऽ’ ऐकू येतो. त्यानंतर लॅम्पला ठिणगी मिळते, भिंतीवर मंद उजेड येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात तो पूर्ण तेजाला पोचतो. यातलं काय काय झालं आणि कुठे थांबलं, एवढं नीट पाहिलंत तर निम्मं निदान झालं. शक्य असेल तर हे सगळं मोबाइलवर चित्रित करून ठेवा. पुढे मेकॅनिकशी बोलताना त्याचा फार उपयोग होतो.

एकही दिवा लागत नाही

हा प्रकार दिसायला सगळ्यात भयंकर आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्तात सुटणारा. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा सॉकेट फॉल्स सीलिंगमध्ये असतो आणि त्याचा स्विच भलतीकडेच, टीव्हीच्या युनिटमागे नाहीतर एसीच्या बोर्डशेजारी. साफसफाईत तो कुणीतरी बंद केलेला असतो. काही मॉडेलांना केबल जिथे बसते तिथेच एक वर-खाली होणारा मुख्य स्विचही असतो. हे दोन्ही आधी बघा.

सॉकेटमध्ये वीज आहे की नाही हे टेस्टर लावून ठरवू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर छान पेटतो आणि यंत्र मात्र ढिम्म राहतं. त्यापेक्षा त्याच सॉकेटला टेबललॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून बघा. मल्टीमीटर असेल आणि वापरायची सवय असेल तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. आजचे बहुतेक प्रोजेक्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे दाब थोडा कमी-जास्त असला म्हणून यंत्र अगदीच मुकं होत नाही.

मग केबल. बहुतेक प्रोजेक्टरना डेस्कटॉप कॉम्प्युटरला लागते तीच तीन छिद्रांची केबल लागते. घरातल्या कॉम्प्युटरची काढून लावून बघा. लहान मॉडेलांना टेपरेकॉर्डरला असायची तशी आठच्या आकड्यासारखी दोन पिनांची केबल असते. छतावरच्या प्रोजेक्टरमध्ये लोंबणाऱ्या केबलच्या वजनाने ती सॉकेटमधून हळूहळू सुटत येते. खालून बघताना ती बसलेलीच दिसते, म्हणून शिडीवर चढून, आधी स्विच बंद करून, हाताने दाबून बसवा.

प्रोजेक्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर एकदा थेट लाइनवर लावून पाहा. साधे, चौकोनी लहरीचे इन्व्हर्टर काही पॉवर सप्लायना मानवत नाहीत. पंखा, ट्यूब यांना चालणारी वीज प्रोजेक्टरलाही चालेलच असं नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही अडचण सहसा येत नाही.

इथवर सगळं ठीक असेल तर एक निरुपद्रवी उपाय करा. केबल काढा, मागच्या एचडीएमआय वगैरे सगळ्या वायरीही काढा आणि पंधरा-वीस मिनिटं यंत्र तसंच राहू द्या. मग दुसरं काहीही न जोडता फक्त वीज द्या. विजेच्या झटक्याने आतला छोटा नियंत्रक अडकून बसलेला असतो, तो असा पुष्कळदा सुटतो.

वळवाच्या पावसात, कडकडाट होऊन गेल्यावर प्रोजेक्टर मुका झाला असेल, तर मात्र प्रकरण पॉवर बोर्डाचं आहे. पुष्कळ बोर्डांवर लाइनच्या तोंडाशी व्हॅरिस्टर नावाची एक चकती असते. दाब अचानक वाढला की ती तो अंगावर घेते, स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते. नशीब चांगलं असेल तर नुकसान एवढ्यावरच थांबतं, आणि कुशल मेकॅनिक थोडक्या खर्चात दोन्ही बदलून देतो. पण फ्यूजची काच आतून काळी पडली असेल तर पुढे काहीतरी शॉर्ट आहे असं समजावं. नुसता नवा फ्यूज घातला तर तोही क्षणात जाईल. आणि घरच्या मीटरच्या फ्यूजला तार गुंडाळायची आपल्याकडची जुनी विद्या इथे चालवू नका.

हे काम घरी करायचं नाही, त्यालाही कारण आहे. २३० व्होल्टचा एसी डीसी झाला की सुमारे ३२५ व्होल्ट होतो, आणि अनेक प्रोजेक्टरमध्ये तो आणखी वाढवून ३८०च्या आसपास नेलेला असतो. हा दाब मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो आणि पिन काढल्यावरही काही काळ तिथेच राहतो. टीव्ही-मिक्सर खोलणाऱ्या हौशी हातांनाही इथे जोराचा झटका बसू शकतो. लॅम्पचं झाकण आणि फिल्टरचं झाकण सोडून प्रोजेक्टरचा एकही स्क्रू घरी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टँडबाय आहे, पण हुकूम ऐकत नाही

आधी एक गैरसमज. स्टँडबायचा दिवा लाल असणं म्हणजे बिघाड नव्हे. कुठे तो लाल, कुठे नारिंगी, कुठे निळा असतो. बिघाडाची खूण पॉवरच्या दिव्यात कमी आणि शेजारच्या ‘लॅम्प’ व ‘टेंप’ या दोन दिव्यांत जास्त मिळते. ते दोन्ही विझलेले असतील तर यंत्राची सध्या तरी काही तक्रार नाही.

मग रिमोटकडे बघा. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात पाहा, कारण काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हे किरण गाळून टाकलेले असतात. रिमोट कसाही असो, प्रोजेक्टरच्या अंगावरचं बटण दाबून बघाच. तेही चालत नसेल तर पॅनल लॉक लागलेलं असू शकतं; लहान मुलांच्या घरात हे हमखास घडतं. ते काढायची युक्ती मॉडेलगणिक वेगळी, पण सहसा एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की काम होतं. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत बटणांखालच्या पट्टीवर ओल धरते आणि बटण आतल्या आत दाबलेलंच राहतं, हेही ध्यानात असू द्या.

आणि तुम्ही तो नुकताच बंद केला होता का? बंद केल्यावर लॅम्प निवेपर्यंत पंखे फिरत राहतात, आणि तेवढ्या वेळात बरेच प्रोजेक्टर पुन्हा सुरू व्हायला साफ नकार देतात. बटण दहादा दाबून काही होत नाही. थांबा.

पंखे फिरतात, मग सगळं बंद पडतं

खरी गुंतागुंत इथे आहे, आणि लॅम्पची पाळी आता आली.

होम थिएटरच्या प्रोजेक्टरमधला नेहमीचा लॅम्प म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा यूएचपी दिवा. फिलिप्स कंपनीने तो १९९५ साली बाजारात आणला आणि प्रोजेक्टर घरात मावण्याइतके लहान झाले त्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्यात जुन्या बल्बसारखी तापणारी तार नसते. दोन टंगस्टनची टोकं जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर समोरासमोर असतात आणि त्यांच्यामध्ये विजेची कमान पेटते. चालू असताना आतला दाब बाहेरच्या हवेच्या दोनशेपट किंवा त्याहूनही जास्त असतो. ही कमान पेटवायला काही हजार व्होल्टचा झटका लागतो. तो देणाऱ्या आणि पुढे वीज आवरून धरणाऱ्या बोर्डाला बॅलास्ट म्हणतात.

यातून व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी निघतात. एक म्हणजे मल्टीमीटर लावून लॅम्पचा निकाल लागत नाही. तारच नाही तर जोड काय दाखवणार? कुणी मीटर लावून ‘लॅम्प उडालाय’ म्हणाला तर त्याला हा दिवा माहीत नाही असं खुशाल समजा. दुसरी म्हणजे गरम लॅम्प लगेच पेटत नाही. तापलेल्या वाफेचा दाब इतका असतो की बॅलास्टचा झटका अपुरा पडतो. सामना ऐन रंगात असताना वीज गेली, दोन मिनिटांत आली आणि प्रोजेक्टर मात्र उठेना, तर तो बहुधा बिघडलेला नसतो. दहा-पंधरा मिनिटं निवू द्या. वीज वारंवार जात असेल तर प्रोजेक्टरला ऑनलाइन किंवा चांगला साइन वेव्ह यूपीएस द्यावा. सामना पुढे दिसावा म्हणून तर तो हवाच, पण त्याहून जास्त लॅम्पचे पंखे शेवटपर्यंत फिरावेत म्हणून.

पूर्ण थंड असतानाही पेटत नसेल तर आवाज ऐका. पंख्यांनंतर बारीक ‘टिक, टिक’ असे दोन-तीन प्रयत्न ऐकू येतात, उजेड येत नाही आणि मग ‘लॅम्प’चा दिवा लाल होतो, असं असेल तर बॅलास्ट आपलं काम करतोय आणि लॅम्प थकलाय, ही शक्यता जास्त. असा आवाजच येत नसेल तर बॅलास्ट किंवा झाकणाचा स्विच. हा ठोकताळा आहे, पुरावा नव्हे. पुरावा एकच: त्याच मॉडेलचा चालता लॅम्प लावून बघणं. म्हणून लॅम्प विकत घेण्याआधी दुकानदाराला ‘तुमच्याकडचा लावून दाखवा’ म्हणायला लाजू नका.

डोळ्यांनीही बरंच कळतं. प्रोजेक्टर बंद करून, केबल काढून, तासभर थांबा. मग झाकण उघडून लॅम्प त्याच्या डब्यासकट बाहेर काढा. काचेच्या गोळ्याला फुगवटा किंवा तडा आहे, तो दुधाळ झालाय, की आतून काळवंडलाय? तसं दिसलं तर त्याचं आयुष्य संपलं. काचेला बोट लावू नका, बोटांचं तेल तापून तिथे डाग पडतो. लॅम्पवर लिहिलेलं २,००० ते ५,००० तासांचं आयुष्य म्हणजे साधारणपणे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ. रोज एक सिनेमा बघणाऱ्या घरात दोन-अडीच तासांच्या हिशेबाने हे तास अडीच-तीन वर्षांतही संपू शकतात. मेनूमध्ये लॅम्पचे तास दिसतात, पण प्रोजेक्टर सुरूच होत नसेल तर मेनू कुठला? चालू असतानाच कधीतरी तो आकडा बघून वहीत लिहून ठेवावा.

लॅम्प नुकताच बदलला असेल किंवा नुसतं झाकण उघडून धूळ पुसली असेल आणि त्यानंतर यंत्र अडलं असेल, तर झाकणावर संशय घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा एक छोटा दांडा असतो. झाकण पूर्ण बसलं की तो आतला बारीक स्विच दाबतो. स्क्रू अर्धवट राहिला की स्विच दाबला जात नाही आणि यंत्र पुढे सरकत नाही. लॅम्पचा डबाही शेवटपर्यंत आत सरकवून त्याचे स्क्रू आवळायचे असतात. काही महाभाग तो स्विच तार लावून कायमचा जोडून टाकतात. आत हजारो व्होल्ट आणि डोळे खराब करणारे अतिनील किरण आहेत. तो स्विच उगाच नाही.

नवा लॅम्प बसवल्यावर तासांचा मोजक शून्यावर आणावा लागतो. तो आणला नाही तर काही मॉडेल जुने तास धरून नवा लॅम्पही पेटवत नाहीत. याच्या उलटही लोक करतात: जुनाच लॅम्प ठेवून मोजक शून्यावर आणतात आणि आयुष्य वाढलं म्हणून खूश होतात. मुदत संपलेला लॅम्प कधीतरी मोठा आवाज करून आतल्या आत फुटतो. काचेचे तुकडे लेन्सच्या मार्गात उडतात आणि लॅम्पच्या पैशांत आणखी दुरुस्तीची भर पडते. त्यात पाराही असतो. फुटलाच तर प्रोजेक्टर आणि एसी बंद करा, खिडक्या उघडा, अर्धा तास खोलीबाहेर थांबा. तुकडे जाड कागदाने आणि चिकटपट्टीने गोळा करा. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, तो पारा खोलीभर उडवतो.

लॅम्प निर्दोष असला तर

‘टेंप’चा दिवा लागला असेल तर जाळी आणि फिल्टर बघा. एलसीडी जातीच्या प्रोजेक्टरला फिल्टर असतो आणि तो बाजूच्या झाकणाखालून सहज निघतो. मऊ ब्रशने झटका. धुवायचा की नाही हे मात्र माहितीपुस्तिकेत बघून ठरवा, कारण काही फिल्टर पाण्याने कायमचे वाया जातात. प्रोजेक्टर बंद कपाटात किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला असेल तर गरम हवेला जायला वाट आहे का ते पाहा. सुंदर लाकडी खोका करून त्यात प्रोजेक्टर बसवणारे अंतर्गत सजावटकार या दुखण्याला मोठा हातभार लावतात.

पंखा मुळात फिरतच नसेल तर यंत्राला ते कळतं, कारण पंखे आपल्या फेऱ्या मुख्य बोर्डाला कळवत असतात. फेऱ्या येत नाहीत म्हणजे सगळं बंद, तेही काही सेकंदांत. वर्षभर कपाटात पडून गणपतीत नाहीतर क्रिकेटच्या अंतिम सामन्याला बाहेर निघणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये झुरळं आणि पालीची पिल्लं सापडणं काही नवल नाही. उलट पंखे सुरुवातीपासूनच पूर्ण वेगाने गर्जत असतील तर मेनूमधला ‘हाय अल्टिट्यूड’ मोड चुकून लागलाय का बघा. तो सहसा दीड हजार मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी असतो, आणि महाराष्ट्रात त्याची गरज पडायची तर प्रोजेक्टर घेऊन कळसूबाई चढावं लागेल.

डीएलपी प्रोजेक्टरमध्ये रंगचक्र हा आणखी एक संशयित. लाल-हिरव्या-निळ्या काचांची ही तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या किंवा त्याहून वेगाने फिरते. सुरू होताना घासल्यासारखा, खरखरीत आवाज येतो आणि थोड्या वेळात यंत्र बंद पडतं, तर बेअरिंग गेलंय किंवा एखादी काच निखळली आहे. कधी फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरवर नुसती धूळ असते, पण तिथवर पोचायचं काम मेकॅनिकचं.

दिवे ठरावीक वेळा लुकलुकून थांबतात आणि पुन्हा लुकलुकतात, तर मोजा. चार वेळा लाल, दोनदा नारिंगी अशा खुणांचा तक्ता माहितीपुस्तिकेत असतो. पुस्तिका हरवली असेल तर तळाच्या लेबलवरचा मॉडेल नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते. प्रोजेक्टर छताला लावण्याआधीच त्या लेबलचा फोटो काढून ठेवलेला बरा.

भिंतीवर कंपनीचं नाव किंवा मेनू उमटतोय आणि सिनेमा मात्र दिसत नाही, तर प्रोजेक्टर सुरू झालेला आहे. दोष केबलमध्ये, सेट-टॉप बॉक्समध्ये किंवा निवडलेल्या इनपुटमध्ये शोधा. लेन्सवरचं सरकतं झाकण बंद राहिलंय का, तेही.

हल्ली स्वस्तात मिळणाऱ्या एलईडी प्रोजेक्टरांचं गणित वेगळं. त्यांत बदलायचा लॅम्पच नसतो. वेगळा अडॅप्टर असेल तर पहिला संशय त्यावर: त्याच्यावर छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिनची ध्रुवता जुळेल असाच दुसरा लावून बघा, जवळपासचा चालवून घेऊ नका. अँड्रॉइडवाला असेल आणि कंपनीच्या चिन्हावर अडकत असेल तर तो सुरू होतोय, फक्त आतलं सॉफ्टवेअर बिघडलंय. बारीक छिद्रातलं रीसेट बटण किंवा माहितीपुस्तिकेतली फॅक्टरी रीसेटची पद्धत वापरा. लेसर प्रोजेक्टर सुमारे २०,००० तासांच्या हिशेबाने बनवलेले असतात. ते अडले तर थेट सर्व्हिस सेंटर. घरी झाकण उघडून लेसर बघायचा मोह डोळ्यांवर बेतू शकतो.

मेकॅनिककडे जायची वेळ आली तर वॉरंटी आधी तपासा. लॅम्पची वॉरंटी सहसा यंत्राच्या वॉरंटीपेक्षा बरीच कमी असते आणि ती महिने व तास या दोन्हींत मोजतात. सील तुटलेलं असेल तर कंपनी हात वर करते. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वॉरंटी संपली असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली आहेच. तिथे लेखी अंदाज मागा, बदललेले जुने भाग परत मागा, आणि लॅम्प घेताना आतला बल्ब कुठल्या कंपनीचा आहे ते विचारा. डबा हुबेहूब असतो. नक्कल आत असते, आणि ती कधी काही महिन्यांतच अंधुक होते.

लॅम्प आणि बॅलास्ट दोन्ही गेले असतील आणि त्यांचा खर्च तशाच नव्या प्रोजेक्टरच्या निम्म्यावर जात असेल, तर मी दुरुस्ती करणार नाही. सात-आठ वर्षांच्या यंत्रात पुढच्या वर्षी रंगचक्र नाहीतर पॅनल उभं राहतं. जुना लॅम्प मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. पारा असल्यामुळे तो ई-कचऱ्यात मोडतो. नव्या लॅम्पच्या खोक्यात तो गुंडाळून ठेवा आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्या.